तळटीप : हत्तींचे हलते कान

मूळ मजकुरातील रावेर–बुऱ्हाणपूर वाटेच्या वर्णनात लेखकाने टिपलेले हत्तींचे हलते कान केवळ माशा वारण्यासाठी नाहीत. या वाटेवर हत्ती कसे, तर १६०१ मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती आला, बुऱ्हाणपूर मोगलांचे मोठे ठाणे झाले; तेव्हा या मुलखात फौजेबरोबर हत्ती असणे ओघानेच आले. त्यांचे कान हलतात ते मुख्यतः अंग निववण्यासाठी. हत्तीला घाम जवळजवळ येत नाही; घामाच्या ग्रंथी मुख्यतः नखांभोवती असतात. एवढ्या अजस्र देहातली उष्णता बाहेर टाकायला कातडी अपुरी पडते. कान मात्र पातळ, आणि त्यांच्या मागच्या बाजूस रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. उकडू लागले की या वाहिन्या रुंदावतात, कान हलले की त्यांतले रक्त निवते आणि तेच देहात परत जाते. आफ्रिकी हत्तीचे कान मोठे, आपल्याकडच्या हत्तीचे बरेच लहान.

खरी अडचण रावेरच्या मे महिन्यात. हत्तीच्या शरीराचे तापमान सुमारे ३६ अंश सेल्सिअस. येथे पारा ४५ च्या आसपास जातो. हवाच देहाहून तापलेली असेल तर कोरडा कान हलवून उष्णता जात नाही, उलट आत शिरते. मग सोंडेने कानांवर, अंगावर पाणी उडवणे, चिखल आणि सावली हेच उपाय. साठलेली उष्णता रात्री बाहेर पडते. म्हणून या वाटेवर तापीचे पाणी हत्तींना चाऱ्याइतकेच मोलाचे होते, असे माझे मत आहे. आजही भर उन्हातल्या मिरवणुकीत हत्ती जोरजोरात कान हलवताना दिसला, तर तो आनंदाने डोलतो आहे असे समजू नये. त्याला सावली आणि पाणी मिळेल असे पाहावे.