कुंडीतलं झाड आणि त्याची नावं

आमच्या गॅलरीत, एका कुंडीत, हातभर उंचीचं हिरवंगार झाड आहे. मजल्यामजल्यांनी निघालेल्या आडव्या फांद्या आणि त्यांवर मऊ, सुईसारखी पानं. नर्सरीवाल्यानं देताना सांगितलं, "मॅडम, ख्रिसमस ट्री." ईदला आलेल्या खालांनी हेच नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बेटी, अपने घर में ये झाड कायकू?"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. शब्द कुठून आला हे खणत बसायची खोड जुनी आहे. म्हणून या झाडाचंही खणून पाहिलं.

पहिली गोष्ट, हे झाड पाइन नाहीच. खऱ्या पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाचच्या झुबक्यानं येतात; याच्या सुट्या. वनस्पतिशास्त्रात हे अरुकेरिया. त्याचं मूळ गाव ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या मधल्या समुद्रातलं नॉरफोक बेट, जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचं. तिथं ते पन्नास मीटरच्याही वर जातं.

१७७४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅप्टन कुक या बेटावर उतरला. सरळसोट खोडं पाहून त्याला जहाजांच्या डोलकाठ्या दिसल्या. इंग्रज आरमाराला तेव्हा अशा लाकडाची निकड होती. मार्च १७८८ मध्ये इंग्रजांनी तिथं वसाहत केली. पहिल्या तुकडीत बरेचसे शिक्षा झालेले कैदी होते. पण लाकूड ठिसूळ निघालं. ज्या मजल्यामजल्यांच्या फांद्यांवर आपण भाळतो, त्याच लाकडात एका पातळीवर गाठी करतात. डोलकाठीचा बेत फसला. १८१४ मध्ये बेट सोडलं, १८२५ मध्ये पुन्हा घेतलं, ते मात्र निव्वळ तुरुंग म्हणून. १८५५ पर्यंत तिथं कैद्यांचे जे हाल झाले, त्यावरून आपल्याला अंदमान आठवावं. तेच झाड आज त्या बेटाच्या झेंड्यावर आहे.

यात ख्रिसमस कुठे आला? सजवलेल्या झाडाची चाल जर्मन मुलखातली, आणि झाडंही तिकडची, फर नाहीतर स्प्रूस. व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं तसं चित्र १८४८ मध्ये लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं आणि इंग्लंडभर ती फॅशन झाली. आपल्या उकाड्यात स्प्रूस जगत नाही. अरुकेरिया कुंडीत तग धरतं, आकारही साधारण तसाच; म्हणून नाव त्याला चिकटलं.

आपल्याकडे हे नवं नाही. उर्दू शायरीत महबूबच्या उंचीला सनोबर म्हणतात, म्हणजे पाइन, आणि सर्व म्हणतात, म्हणजे सायप्रस. हा फारसी सर्व मराठीत सुरू झाला आणि कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन बसला वेगळ्याच झाडावर. सुरूच्या बनातलं झाड सायप्रस नाही, पाइन तर नाहीच. तरी रत्नागिरीत कुणी त्याचा धर्म विचारत नाही.

खालांना मी हे सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, ईसा अलैहिस्सलाम यांच्या जन्माच्या वेळी बीबी मरियम ज्या झाडाला टेकल्या, ते कुरआनात खजुराचं आहे, या झाडाचा तिथं काय संबंध? त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पर लोग तो वही नाम लेते ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोक तेच नाव घेतात.

झाड गॅलरीतच आहे. वरची माती सुकली की पाणी घालते, कुंडीत साचू देत नाही. उजेडाकडे वाकू नये म्हणून दर जुम्याला कुंडी थोडी फिरवते. शेंड्याला हात लावत नाही. तो तुटला की झाड पुन्हा तसं सरळ चढत नाही. गेल्या महिन्यात खालची एक फांदी पिवळी पडून गळाली. तिथं नवी येत नाही, असं नर्सरीवाला म्हणाला. तेवढी जागा आता रिकामी दिसते.