विमान पडल्यानंतर

खेड्यात परका माणूस ओळखावयास फार वेळ लागत नाही. पोशाखावरून नव्हे, तर तो काय विचारतो त्यावरून तो ओळखला जातो. आमच्या कवठे महांकाळवरून एके काळी मिरज-कुर्डुवाडीची अरुंद मार्गावरील छोटी गाडी जात असे. तो मार्ग आता रुंद झाला आहे. आज कोणी गृहस्थ येथे येऊन ‘छोटी गाडी कधी सुटते?’ असे विचारील, तर चहाच्या दुकानातील पोरगाही ताडील की, ही स्वारी जुन्या माहितीवर विसंबून आलेली आहे. असल्याच एका प्रश्नापायी तीन भारतीय वैमानिकांचे स्वातंत्र्य अवघ्या चार-पाच मैलांवरून निसटले. त्यांचे पुढारी होते फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर.

ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले परुळकर १० ऑगस्ट २०२५ रोजी निवर्तले. वायुसेना पदक आणि विशिष्ट सेवा पदक हे दोन्ही सन्मान त्यांच्या नावापुढे होते. १९६३ च्या मार्चमध्ये ते वायुसेनेत अधिकारी झाले आणि दोनच वर्षांनी युद्धात उतरले. १९६५ च्या त्या युद्धात जमिनीवरून झालेल्या माऱ्याने त्यांचे विमान निकामी झाले व त्यांचा उजवा हात जखमी झाला. विमान सोडून पॅराशूटने उतरावे, असा सल्ला त्यांना मिळाला. तो बाजूस सारून त्यांनी ते मोडके विमान तळावर परत आणले. वायुसेना पदक लाभले ते या कामगिरीबद्दल.

१९७१ साली मात्र दैवाने दुसरा डाव मांडला. १० डिसेंबर रोजी जफरवालच्या परिसरात हल्ला करीत असता त्यांचे सुखोई-७ विमान पडले आणि ते शत्रूच्या हाती सापडले. रावळपिंडी येथील वायुदलाच्या बंदिशाळेत हळूहळू बारा भारतीय वैमानिक जमा झाले. विंग कमांडर कोएलो हे त्यांतील ज्येष्ठ. कामत, चाटी यांच्यासारखी आपल्या कानाला ओळखीची वाटणारी नावेही त्यांत होती.

१७ डिसेंबर रोजी तोफा थंडावल्या. १९४९ च्या जिनीव्हा कराराचे ११८ वे कलम असे सांगते की, प्रत्यक्ष लढाई संपताच युद्धकैद्यांना विनाविलंब मुक्त करून स्वदेशी पाठवावे. परंतु पूर्वेकडे शरण आलेले सुमारे ९३,००० कैदी भारताच्या ताब्यात होते, आणि त्यांचा प्रश्न बांगलादेशाच्या प्रश्नाशी जखडला गेला होता. २ जुलै १९७२ रोजी सिमला येथे करार झाला, तरी कैद्यांच्या सुटकेचा दिवस काही ठरला नाही. दोन्ही सरकारांच्या या ओढाताणीत रावळपिंडीचे बारा जीव दिवस मोजीत होते.

परुळकरांनी दिवस मोजण्याऐवजी विटा मोजण्यास आरंभ केला. काटे, सुऱ्या, कात्र्या अशा किरकोळ वस्तूंनी भिंत पोखरली गेली. कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे साठविले गेले. पठाणी पोशाखाची सोय झाली. पूर्वेची सरहद्द जवळ, परंतु तेथे सैन्याचा खडा पहारा. म्हणून पश्चिमेस अफगाणिस्तान गाठावयाचे ठरले. १२-१३ ऑगस्टच्या रात्री परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंतीबाहेर पडले. मोटारने पेशावर, पुढे जमरूद, पुढे खैबरखिंडीतील लंडी कोतल! सकाळ पुरती सरली नव्हती, तोच हे तिघे सरहद्दीच्या तोंडाशी येऊन ठेपले.

येथे त्यांनी विचारले, ‘लंडी खानास कसे जावयाचे?’ खैबरचा लोहमार्ग १९२६ साली लंडी खानापर्यंत पोहोचला होता हे खरे. परंतु शेवटचा तो तुकडा १९३२ सालीच बंद पडला होता. नकाशावर राहिलेले स्थानक व्यवहारातून चाळीस वर्षांपूर्वीच उठून गेले होते. त्यात त्या काळी पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेने काबूलकडे पळत असत. हे तिघेही तसलेच असावेत, या संशयाने त्यांना तहसीलदारापुढे उभे करण्यात आले. आपण पाकिस्तानी वायुदलातील ख्रिस्ती नोकर आहो, ही परुळकरांची बतावणी तेथे टिकेना. तेव्हा त्यांनी एक विलक्षण धाडस केले. आपल्या बंदिशाळेचे पूर्वीचे प्रमुख स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद यांना दूरध्वनी करावा, अशी मागणी त्यांनी केली. उस्मान यांना परिस्थिती तत्काळ उमगली. ही आमचीच माणसे आहेत, त्यांना अडकवून ठेवा, पण केसाला धक्का लावू नका, असे त्यांनी बजावले. एका शत्रूच्या सौजन्यावर दुसऱ्या शत्रूने टाकलेला हा विश्वास अनाठायी ठरला नाही.

पुढे १ डिसेंबर १९७२ रोजी सर्व वैमानिक वाघा येथून स्वदेशी परतले. यावरून कोणी म्हणेल, साडेतीन महिन्यांनी सुटका होणारच होती, मग हा उपद्व्याप कशास? मागे राहिलेल्या सोबत्यांवर सूड उगवला गेला असता तर? दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो त्या कोठड्यांतही उमटला होता. तथापि जिनीव्हा करारानेही पलायनाचा प्रयत्न हा गुन्हा मानलेला नाही. फसलेल्या प्रयत्नास केवळ शिस्तीची शिक्षा, आणि तीही तीस दिवसांहून अधिक नाही. पहिला आक्षेप मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने कधीच घेऊ नये. ऑगस्टमध्ये डिसेंबर कोणास दिसत होता? परुळकर चुकले ते चाळीस वर्षे जुन्या माहितीवर विसंबले म्हणून. आपण चुकतो ते त्यांच्या हाती नसलेल्या नव्या माहितीवरून त्यांचा न्याय करतो म्हणून. या दोन चुकांत अधिक क्षम्य कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

लढाऊ वैमानिकाचे शौर्य आपण विमानाच्या वेगावरून मोजतो. परुळकरांचे विमान पडले, वेग संपला, आणि हाती उरली एक सुरी व समोर एक भिंत. १९६५ साली ज्या हाताने मोडके विमान सोडावयाचे नाकारले, त्याच हाताने ती भिंतही पोखरली.