आपली बॅग ओळखा

नव्वदच्या दशकात मुंबईहून नागपूरला किंवा औरंगाबादला विमानाने गेलेल्या माणसाला एक दृश्य हमखास आठवतं. प्रवासी बसमधून उतरून विमानाकडे निघाले, की शिडीच्या अलीकडे सगळ्यांच्या बॅगा उन्हात ओळीने मांडलेल्या असायच्या. ज्याने त्याने पुढे होऊन आपल्या बॅगेकडे बोट दाखवायचं. लोडर तिच्यावर खडूने खूण करायचा आणि मगच ती विमानाच्या पोटात जायची. बोट न दाखवलेली बॅग खालीच राहायची, आणि तिच्याभोवतीची माणसं जरा लांब सरकायची.

यात एक अडचण होती. त्या काळी निम्म्या मध्यमवर्गाकडे एकाच घाटाची, एकाच काळपट रंगाची कडक सुटकेस असे. म्हणून निघण्याआधी घरोघरी एक तयारी व्हायची. कुणी मुठीला लाल फीत बांधायचं, कुणी जुन्या साडीचा काठ, कुणी झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने आडनाव रंगवायचं. आखाती देशांत नोकरीला निघालेल्या कोकणी माणसाच्या सुतळीने आवळलेल्या खोक्यावर तर नाव, गाव, तालुका, जिल्हा असा पोस्टाचा पुरा पत्ता दिसे.

विमानतळावरची कडक तपासणी ११ सप्टेंबर २००१ नंतर सुरू झाली, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. अमेरिकेपुरती ती बरीचशी खरी आहे. भारतापुरती नाही. इथले नियम इथल्याच घटनांतून आले, आणि त्यांतले काही तर न्यूयॉर्कच्या कितीतरी आधी.

सुरुवातीला भीती होती ती फक्त वजनाची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला विमान उतरवलं, तेव्हा त्यात प्रवासी नव्हतेच. पुढे टाटांच्या विमानांतून एखाददुसरा माणूस जाऊ लागला, तोही कधी कधी टपालाच्या पिशव्यांवरच बसून. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरे, मग सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. इंपीरियल एअरवेजसारख्या कंपन्या प्रवाशालाही त्याच्या सामानासकट काट्यावर उभं करत. बॅगेत काय आहे, हे कुणी विचारत नव्हतं. ती किती भरते, एवढाच प्रश्न होता.

हा भाबडेपणा संपवणाऱ्या दोन घटना एकाच वर्षी घडल्या. १९५५ च्या एप्रिलमध्ये एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान हाँगकाँगहून जाकार्ताला निघालं होतं. बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि काही पत्रकार त्यात होते. चाऊ एन-लाय यांनाही याच विमानाने जायचं होतं, पण त्यांनी बेत बदलला. हाँगकाँगच्या कायताक विमानतळावर विमान थांबलेलं असताना सफाई कामगारांपैकी एकाने चाकाच्या खोबणीत टाइमबॉम्ब ठेवला. दक्षिण चिनी समुद्रावर त्याचा स्फोट झाला आणि १९ पैकी १६ जण मेले. कॅप्टन जटार यांनी पेटतं विमान समुद्रापर्यंत आणलं, पण ते स्वतः वाचले नाहीत. वाचलेल्या तिघांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. या प्रकरणात एकाही प्रवाशाच्या सामानात काही नव्हतं. विमान उभं असताना त्याच्याजवळ कोण जातं येतं, हे विचारायची पद्धत नव्हती, इतकंच.

दुसरी घटना नोव्हेंबरमधली, अमेरिकेतल्या डेन्व्हरची. जॅक गिल्बर्ट ग्रॅहॅम नावाच्या तरुणाने आईच्या सुटकेसमध्ये डायनामाइट ठेवलं आणि तिच्या नावाने विमानतळावरच्याच यंत्रातून विमा उतरवला. अशी यंत्रं तेव्हा तिथे सर्रास असत. नाणी टाकायची आणि पॉलिसी घ्यायची. विमानातले सगळे ४४ जण गेले. बॅग आईची होती, आई विमानात होती, आणि बॅगेत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. सामान भरताना कुणाची मदत झाली का, कुणी काही वस्तू दिली आहे का, हे प्रश्न काउंटरवर आजही कंटाळवाण्या सुरात विचारले जातात. या बाईला ते कुणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी तिने ‘नाही’ असंच सांगितलं असतं.

तरीही पुढची पंधरा-सोळा वर्षं विशेष काही बदललं नाही. बदल घडवला तो अपहरणांनी. अमेरिकेत १९६८ ते १९७२ या काळात शंभराहून जास्त विमानं पळवली किंवा पळवायचा प्रयत्न झाला. अखेर जानेवारी १९७३ पासून तिथे सरसकट सगळ्या प्रवाशांची आणि त्यांच्या हातातल्या सामानाची तपासणी सुरू झाली. आपल्याकडे ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ हे छोटं फोकर विमान लाहोरला नेलं गेलं. अपहरणकर्त्यांच्या हातात होतं खेळण्यातलं पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब. प्रवासी सुखरूप परतले, विमान मात्र जाळलं गेलं. भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि त्या वर्षी पुढे युद्ध पेटेपर्यंत पश्चिम आणि पूर्व पाकिस्तानांदरम्यानची विमानं श्रीलंकेला वळसा घालून जात राहिली. एका खेळण्याची ही एवढी करामत.

खेळण्यांचा इतिहास तिथेच थांबत नाही. डिसेंबर १९७८ मध्ये लखनौहून दिल्लीला जाणारं विमान दोघा तरुणांनी वाराणसीला उतरवलं. इंदिरा गांधींना तुरुंगातून सोडा, अशी त्यांची मागणी होती. पिस्तूल खेळण्यातलं निघालं आणि हातबॉम्ब म्हणून दाखवलेली वस्तू क्रिकेटचा चेंडू. पुढच्या विधानसभा निवडणुकीत हे दोघेही काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झाले! आज हातातल्या पिशवीत मुलाची प्लास्टिकची बंदूक सापडली आणि जवानाने ती काढून ठेवली, की आईबापांना तो अरसिक वाटतो. त्याच्या बाजूने बोलायचं तर भारतातली किमान दोन अपहरणं असल्याच बंदुकीने झाली आहेत.

१९७६ साली दिल्लीहून मुंबईला निघालेलं एक विमान लाहोरला नेण्यात आलं, त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा वेगळा कक्ष निघाला. त्या काळी तपासणी स्थानिक पोलिसांकडे असे. १९८१ मध्ये कृपाण दाखवून आणखी एक विमान लाहोरला गेलं. कृपाणाचा प्रश्न तेव्हापासून सरकारच्या मागे लागला तो बराच काळ. देशांतर्गत उड्डाणात शीख प्रवाशाला सहा इंचांपर्यंतच्या पात्याचं, एकूण नऊ इंचांपर्यंतचं कृपाण बाळगता येईल, असं परिपत्रक २०२२ मध्ये निघालं.

त्याच १९८१ च्या नोव्हेंबरमधला एक किस्सा इथे सांगायलाच हवा. माइक होअर या भाडोत्री सैनिकाने सेशेल्समध्ये सत्तापालट करायला आपली माणसं पर्यटकांच्या वेशात पाठवली होती, आणि त्यांच्या बॅगांना दुहेरी तळ करून त्यात बंदुका दडवल्या होत्या. बहुतेक सगळे सहीसलामत बाहेर पडले. पण एकजण चुकून ‘जाहीर करण्यासारखं सामान आहे’ या रांगेत उभा राहिला. बॅग उघडली, गोळीबार झाला, आणि पळायला साधन म्हणून त्या टोळीने मुंबईकडे येणारं एअर इंडियाचं बोइंग ताब्यात घेऊन दरबानला नेलं. चुकीच्या रांगेत उभं राहण्याचा इतका महागडा दाखला दुसरा नसेल.

बोट दाखवण्याच्या रिवाजाचं मूळ मात्र कॅनडात आहे.

२२ जून १९८५ रोजी व्हँकूव्हरच्या काउंटरवर ‘एम. सिंग’ या नावाने तिकीट काढलेला एक माणूस आला. टोरोंटोपर्यंतची त्याची जागा पक्की होती, तिथून पुढे एअर इंडियाच्या विमानात तो प्रतीक्षा यादीवर होता. बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवा, असा त्याने हट्ट धरला. पुढची जागा पक्की नसताना तसं करता येत नाही, असं काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. त्याने वाद घातला. मागे रांग वाढत होती. शेवटी त्यांनी टॅग लावला. बॅग विमानात चढली, माणूस चढला नाही.

टोरोंटोला सामान तपासणारं एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडलं. उरलेल्या बॅगा हातात धरायच्या एका यंत्राने हुंगून पाहिल्या गेल्या. मॉन्ट्रियलला तीन सुटकेस संशयास्पद म्हणून बाजूला काढल्या, पण विमान थांबवलं नाही. ‘सम्राट कनिष्क’ हे जम्बो लंडन आणि दिल्ली करत मुंबईला यायचं होतं. २३ जूनच्या सकाळी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, ३१,००० फुटांवर ते फुटलं. ३२९ माणसं गेली. त्याआधी तासाभराच्या आत जपानच्या नारिता विमानतळावर आणखी एक बॅग फुटून दोन हमाल मेले होते. तीही व्हँकूव्हरहूनच आली होती, तिचाही मालक बरोबर नव्हता, आणि तीही एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढायची होती.

न्यायमूर्ती कृपाल यांच्या आयोगाने चौकशी केली. १ एप्रिल १९८७ रोजी १९७८ चा तो छोटा कक्ष स्वतंत्र खातं झाला, तोच आजचा नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो. मालकाशिवाय बॅग जाणार नाही, हे सूत्र आता सगळ्यांना कळलं होतं. ते अमलात आणायला संगणकांचं जाळं हवं होतं, ते कुणाकडे नव्हतं. भारताने खडू आणि बोट वापरलं. पद्धत गावठी होती, वेळखाऊ होती, पावसात तर हालच होत, पण व्हँकूव्हरच्या त्या बॅगेला तिने हमखास पकडलं असतं. अमेरिकेत देशांतर्गत उड्डाणांवर बॅग आणि माणूस यांची जोडी लावून पाहण्याचं काम २००२ च्या जानेवारीत सुरू झालं.

याच काळात इतर रिवाज रुजले. तिकीट दाखवल्याशिवाय दारातून आत सोडणं बंद झालं, आणि पोचवायला आलेलं खटलं काचेबाहेर राहिलं. बायकांची झडती पडद्याआड बाई शिपायाकडून होऊ लागली. टॉर्च आणि ट्रान्झिस्टरचे सेल काढून घेतले जाऊ लागले. हातातल्या प्रत्येक पिशवीला कागदी टॅग बांधायचा आणि तपासणीनंतर त्यावर शिक्का घ्यायचा, हाही नियम आला. शिक्का विसरलेला प्रवासी विमानाच्या दारातून परत फिरवला जाई. हा शिक्का मुंबई, दिल्लीसह सात विमानतळांवर १ एप्रिल २०१७ ला बंद झाला. तरी सवयीने टॅग शोधणारी माणसं पुढेही दिसत राहिली.

१९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला गेलं, तेव्हा हत्यारं भारताबाहेर चढली होती. तरीही हादरा इथे बसला. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली.

मग आली २००१ च्या सप्टेंबरची ती सकाळ, आणि बोट दाखवण्यातली मोठी फट उघडी पडली. स्वतः मरायला तयार असलेला माणूस आपल्या बॅगेकडे खुशाल बोट दाखवेल. तिथून लक्ष वस्तूंकडे वळलं. २००१ च्या डिसेंबरात एकाने बुटात स्फोटकं आणली, तेव्हापासून बूट उतरू लागले. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा कट पकडला गेला, आणि १०० मिलिलिटरची मर्यादा आली. भारतात मात्र ती आंतरराष्ट्रीय प्रवासापुरती कडक राहिली. त्यामुळे मुंबईहून दिल्लीला जाणारा पाण्याची बाटली घेऊन आत जातो, आणि लंडनला निघालेल्या आजीबाईंच्या हातातली लोणच्याची बरणी टेबलावर राहते. लोणचं हे द्रव, असं तिला पटवणं जवानालाही जड जातं.

त्याहून मजेशीर आहे सुक्या खोबऱ्याची गोष्ट. वाळलेलं खोबरं धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं. त्यात तेल भरपूर असतं, आणि ढीग साचला की आतल्या आत तापतं. बोटीवाल्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. मसाल्याला म्हणून बॅगेत खोबऱ्याच्या वाट्या घालणाऱ्या गृहिणीला त्याचा पत्ता नसतो. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे यात्रेच्या गाठोड्यातला, नारळ हाताशी ठेवून नेता यावा, म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारला खास, मुदतीची सवलत द्यावी लागली.

बॅगांची ओळ आता धावपट्टीशेजारी दिसत नाही. ते काम टॅगवरची बारकोडची पट्टी करते, आणि एक्स-रे बेल्टवरच होऊन जातो. पण कधीतरी विमान भरलेलं असतं, दार लागायला आलेलं असतं आणि तरी ते हलत नाही. एखादा चेक-इन केलेला प्रवासी गेटवर आलेलाच नसतो. त्याच्या नावाचा पुकारा तीनदा, चारदा होतो. आत बसलेले घड्याळाकडे पाहत त्याच्या नावाने बोटं मोडतात. खाली विमानाच्या पोटात लोडर वाकून, टॅगावरचा एकेक आकडा वाचत, रचलेल्या दीडशे बॅगांतून एकच शोधत असतो. ती सापडली, की पट्ट्यावरून खाली येते आणि ट्रॉलीवर एकटीच मागे राहते. मुठीला बहुधा काहीच बांधलेलं नसतं.