ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी एसएमपीएस पाहा

संगणकावरील खेळ अडखळू लागला, की घरातील मुलांची पहिली मागणी असते ती नव्या ग्राफिक्स कार्डाची. रक्कम मोठी असते आणि निर्णय मात्र बहुतेक वेळा खोक्यावरील मेमरीचा आकडा पाहून घेतला जातो. या आकड्यावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे एनव्हीडियाच्या जीटी १०३० या कार्डाने दाखवून दिले. २०१७मध्ये ते जीडीडीआर-५ मेमरीसह बाजारात आले आणि २०१८मध्ये त्याच नावाने डीडीआर-४ मेमरीची आवृत्ती आली. दोन्हींत मेमरी २ जीबीच. परंतु पहिल्यात सेकंदाला सुमारे ४८ जीबी माहितीची ने-आण होते, तर दुसऱ्यात जेमतेम १७ जीबी. साहजिकच खेळाच्या वेगात दोहोंमध्ये मोठी तफावत पडते.

मुळात दोष कार्डाचाच आहे का, याची परीक्षा घरीच करता येते. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. ते रंगवण्याचे काम कार्डाचे. खेळातील पात्रांच्या हालचालींचा आणि नियमांचा हिशेब मुख्यत्वे प्रोसेसरचा. व्ही-सिंक बंद करून रिझोल्युशन १२८० बाय ७२०वर आणावे. सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम्स लक्षणीय वाढल्या, तर कार्ड बदलण्यात अर्थ आहे. त्या होत्या तेवढ्याच राहिल्या, तर कार्ड कितीही महागडे आणले तरी फरक पडणार नाही. प्रोसेसर वा रॅमकडे वळावे लागेल.

यानंतर प्रश्न येतो विजेचा, आणि सर्वाधिक दुर्लक्ष होते ते येथेच. मदरबोर्डवरील स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून अधिक वीज एसएमपीएसकडून स्वतंत्र जोडणीने घ्यावी लागते. ६ पिनांची जोडणी ७५ वॅटची, तर ८ पिनांची १५० वॅटची. आरटीएक्स ३०६०ला १७० वॅट लागतात, आरटीएक्स ४०६०ला ११५. दोन्हींसाठी कंपनीची शिफारस ५५० वॅटच्या एसएमपीएसची आहे. कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसच्या लेबलावर आकडा मोठा असला, तरी १२ व्होल्टच्या वाहिनीवर किती अँपिअर मिळतात, ते वाचणे महत्त्वाचे. ते अपुरे असल्यास ऐन खेळात संगणक बंद पडतो आणि बोल मात्र कार्डाला लागतो. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या संगणकांत तर अनेकदा अशी जोडणीच नसते. तेथे जीटीएक्स १६५०चे निव्वळ स्लॉटवर चालणारे मॉडेल उपयोगी पडते.

स्लॉट बहुधा जुळतो, कारण पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या एकमेकींना चालतात. अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. एएमडीचे २०२२मधील आरएक्स ६५०० एक्सटी केवळ ४ मार्गिका वापरते. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्यांची क्षमता निम्मी होते आणि मेमरी ४ जीबीच असल्याने खेळ रखडतो. जुना बोर्ड असणाऱ्यांनी हे कार्ड टाळलेलेच बरे.

वापरलेले कार्ड स्वस्त पडते, हे खरे. मात्र सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरील खाणकाम थांबले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे विक्रीस आली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वा अन्यत्र सौदा करताना मूळ बिल आणि सीरियल नंबर ताडून पाहावा, तसेच अर्धा तास जड खेळ चालवून पंख्यांचा आवाज व तापमान तपासावे.

कार्ड बसवताना आणखी एक चूक सर्रास होते. मॉनिटरची केबल मदरबोर्डवरील जुन्याच जागी राहते. मग प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवरच खेळ चालतो आणि नवे कार्ड सदोष समजून दुकानात परत नेले जाते.