जुन्या स्पोर्ट्स कारसाठी नवीन जॅक कसा निवडायचा? एमजीबीच्या उदाहरणातून समजून घ्या

जुनी स्पोर्ट्स कार घेताना आपण इंजिन बघतो, रंग बघतो, सीट बघतो. डिक्कीतला जॅक आठवतो तो थेट पंक्चर झाल्यावर! आणि तेव्हा तो एक तर गायब असतो, नाहीतर गंजलेला. मग त्याच्या जागी कोणता घ्यायचा? ब्रिटनच्या एमजीबी या गाडीवरून बघूया.

मूळ जॅक कसा काम करतो?

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. वजन साधारण एक टन. हिला वेगळी चेसिस नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. कंपनीचा जॅक दाराखालच्या पट्टीत, म्हणजे सिलमध्ये असलेल्या खाचेत बसतो आणि त्या बाजूची दोन्ही चाकं एकदम उचलतो.

अडचण इथेच आहे. सिल आतून गंजतं आणि बाहेरून रंग मात्र चकाचक दिसतो. अशा सिलवर अर्ध्या गाडीचा भार आला तर पत्रा चेपतो आणि गाडी खाली बसते. म्हणून तसाच जुना जॅक शोधण्याआधी मोबाईलचा टॉर्च लावून गाडीखालचा व्हिडिओ काढा. पापुद्रे, फुगलेला रंग किंवा ठिगळं दिसली तर ती खाच वापरू नका.

घेताना काय बघायचं?

१. सर्वात कमी उंची: साधा ट्रॉली जॅक सुमारे १३० मिमी उंच असतो, लो-प्रोफाइल ७५ ते ९० मिमी. टायर बसल्यावर गाडी आणखी खाली येते, त्यामुळे माप पंक्चर धरूनच घ्या. क्रोम बंपरवाली जुनी एमजीबी नंतरच्या रबर बंपरवाल्या गाडीपेक्षा खाली बसते, हेही लक्षात ठेवा.

२. क्षमता: दोन टन पुरेसे आहेत. जास्त टनांचा जॅक घेतला म्हणून कमकुवत पत्रा मजबूत होत नाही.

३. टेकायची जागा: पुढे मधला क्रॉसमेंबर, मागे डिफरन्शियलचं जाड ओतीव कवच. त्याच्या मागचं पातळ झाकण नाही! जॅकच्या वाटीवर रबर पॅड ठेवा.

माझा सल्ला

मी घरासाठी लो-प्रोफाइल ट्रॉली जॅक आणि सोबत ॲक्सल स्टँडची जोडी निवडेन. ट्रॉली जॅक जड असतो, म्हणून डिक्कीत छोटा सिझर जॅक आणि त्याखाली ठेवायला लाकडी फळी. तोही घरीच एकदा लावून बघा, हायवेवर प्रयोग नको.

हे विसरू नका

एमजीबीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची दोन्ही चाकं उचलली की तो गाडी धरून ठेवू शकत नाही, म्हणून पुढच्या चाकांना आधीच दोन्हीकडून ठोकळे लावा. आणि जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली डोकंच काय, हातही घालायचा नाही.

माहिती उपयोगी वाटली तर जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या मित्राला नक्की पाठवा.