सर्वोच्च न्यायालय आणि भिन्नमताची परंपरा

‘न्यायालयाने म्हटले आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या एकवचनी आहे. त्याचा कर्ता मात्र इतिहासदृष्ट्या क्वचितच एक असतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे कार्य समजून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाची पहिली अडचण ह्या एकवचनातच दडलेली आहे.

1937 साली स्थापन झालेल्या फेडरल कोर्टावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करता येत असे. प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती तत्त्वतः निर्णय देत नसून राजाला सल्ला देत असे. राजाला द्यावयाचा सल्ला एकमुखी असावा ह्या जुन्या संकेतामुळे सभासदांतील मतभेद 1966 पर्यंत प्रकट होत नसत. भारतीय अपिलांवरील तिचा अधिकार 1949 साली संपुष्टात आला. 28 जानेवारी 1950 रोजी संसदभवनातील नरेंद्रमंडळाच्या दालनात सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले. राज्यघटनेच्या 145व्या अनुच्छेदाने निर्णय बहुमताने व्हावा असे ठरविले, आणि सहमत नसलेल्या न्यायाधीशास स्वतंत्र निकालपत्र देण्याची मुभाही ठेविली. सल्ल्याची परंपरा मागे पडून युक्तिवादाची परंपरा आली, ती येथे.

आरंभी सरन्यायाधीश धरून आठ न्यायाधीशांची तरतूद होती आणि ते बहुधा एकत्र बसत. काम वाढत गेले तशी संख्याही वाढली. 2019 साली ती 34 झाली. दोन वा तीन न्यायाधीशांची पीठे हा नित्यक्रम बनला. राज्यघटनेच्या अर्थासंबंधीचा महत्त्वाचा प्रश्न मात्र किमान पाच न्यायाधीशांपुढेच जावा, असे हाच अनुच्छेद सांगतो. मोठ्या पीठाचा निर्णय लहान पीठावर बंधनकारक असतो. हे तत्त्व 2004 साली दाऊदी बोहरा समाजाच्या महाराष्ट्र राज्याविरुद्धच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने निःसंदिग्ध शब्दांत मांडले. न्यायालय स्वतःचा पूर्वीचा निर्णय फिरवू शकते, हे त्याआधीच ठरले होते. मुंबई राज्याच्या विक्रीकराविषयीच्या 1953 च्या निर्णयातील मत 1955 मध्ये बंगाल इम्युनिटी प्रकरणात सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा मतांनी बाजूस सारले.

ह्या व्यवस्थेत भिन्नमताचे स्थान कोणते? 1950 च्या गोपालन प्रकरणात बहुमताने ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ह्या शब्दांचा अर्थ विधिमंडळाने केलेल्या कायद्यापुरता सीमित केला. न्यायमूर्ती फझल अली ह्यांनी मात्र त्या शब्दांत नैसर्गिक न्यायाची तत्त्वे अंतर्भूत आहेत असे प्रतिपादिले. वाद एका शब्दसमूहाच्या अर्थाचा होता. परंतु त्यावर स्थानबद्ध माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून होते. 1978 च्या मनेका गांधी प्रकरणात कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे असे सात न्यायाधीशांच्या पीठाने ठरविले, तेव्हा न्यायालय त्या भिन्नमताच्या दिशेनेच गेले होते.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. आणीबाणीत, 1976 साली, जबलपूर प्रकरणी चार न्यायाधीशांनी स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरुद्ध गेले. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. 2017 साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय रद्दबातल ठरविला, आणि बहुमताची मते सदोष असल्याचे नमूद करणारे निकालपत्र त्यांच्याच पुत्राने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड ह्यांनी लिहिले.

तथापि भिन्नमत नेहमीच भविष्याचे मत ठरते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अनेक भिन्नमते विस्मृतीत गेली आहेत. आणि जी पुढे मान्य झाली, त्यांचाही लाभ मूळच्या पक्षकारांस मिळाला नाही. 1976 चे स्थानबद्ध 2017 च्या निर्णयाने सुटले नव्हते. भिन्नमताची कसोटी त्याच्या विजयात नसून ते नोंदले गेले ह्यात आहे. म्हणून निर्णय उद्धृत करताना पीठ किती जणांचे, बहुमत किती आणि विरोधात कोण, हे विचारणे हे तपशिलाचे कुतूहल नव्हे. त्या एकवचनी कर्त्याचा खरा अन्वय लावण्याचा तोच मार्ग होय.