निपाणीची वखार आणि जिनिव्हाची सनद

वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातील विडीची तंबाखू निपाणीच्या पेठेत उतरू लागली, तेव्हापासून त्या गावाची श्रीमंती व्यापाऱ्यांच्या खतावण्यांत, आणि १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसल्यावर सरकारी दप्तरांतही, इमानेइतबारे नोंदली गेली. परंतु ज्या स्त्रियांनी तो माल चाळला, त्यांच्या छातीत साचणाऱ्या धुळीची नोंद करण्याची तजवीज कोणीच केली नाही. १९५६ साली हा मराठीभाषक मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच्या मालकीविषयी पुढे जितका खल झाला, त्याच्या शतांशानेही वखारीतील हवेविषयी झाला नाही.

वाळलेले पान कुटून, चाळून त्याचा जर्दा करावयाचा, काड्या व भुकटी निराळी काढावयाची आणि पोती भरावयाची, हे वखारीतील काम. चाळण हलली की तपकिरी धुरळा उठतो. नाकातोंडावर पदर गुंडाळून बसलेल्या बाईचे डोळे चुरचुरतात, ठसका थांबत नाही, आणि नवख्या मुलीला तर तंबाखू लागून भोवळ व उमासे येतात, कारण निकोटीन कातडीतूनही अंगात भिनते.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात खेळती हवा, स्वच्छता, पाळणाघर असे सारे काही होते. कायदा वखारीच्या उंबरठ्याबाहेर तिष्ठत राहिला. त्याला आत ओढले ते, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी यांच्या साथीने संघटित झालेल्या बायांनी. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली बोलपटही केला. मागण्यांत अग्रभागी मजुरी होती, आणि ते स्वाभाविकच होते. उपाशी माणूस धुळीची फिर्याद सवडीने करतो. एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांवर याच गावी गोळीबार होऊन बारा जण मृत्युमुखी पडले, त्या धामधुमीत तर वखारीची कैफियत मागेच पडली.

याच सुमारास दुसऱ्या एका धुळीने जगाला जागे केले. ॲसबेस्टॉसचा रोग कामगाराच्या फुप्फुसात कित्येक दशके दडून राहतो, हे ओळखून जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९८६ साली १६२ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. तथापि त्याच विचाराचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जतन करण्याचा हुकूम दिला. चाळीस वर्षांची नोंद! वखारीत रोजंदारीवर आयुष्य काढलेल्या कित्येक बायांचे नाव हजेरीपटावरही चढले नव्हते.

तंबाखूपुरती सनद आली ती जागतिक आरोग्य संघटनेची. भारताने २००४ साली तिला मान्यता दिली. तिच्या अठराव्या कलमात तंबाखू पिकविणाऱ्या व घडविणाऱ्या माणसांच्या आरोग्याचे रक्षण आहे, सतराव्यात त्यांना पर्यायी रोजगार. ही दोन कलमे एकत्रच वाचावयास हवीत असे माझे मत आहे. नुसती वखार बंद केली तर निपाणीच्या बाईची धुळीतून सुटका होईल, पण चूल विझेल. आपल्या सरकारने मात्र ओढणाऱ्याची काळजी आधी वाहिली: २०१६ पासून विडीच्या बंडलावरील ८५ टक्के जागा धोक्याच्या चित्रसूचनेने व्यापली. चाळणारीची छाती तपासण्याच्या कामी तितकी तत्परता दिसली नाही.